साधे पार्ट

२००६ च्या दिवाळीआधी आचल वर्ध्याच्या बसस्टँडवर आष्टीच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्या कवेत जुन्या कम्प्युटरच्या सुट्या भागांचं खोकं होतं.

“अंकितच्या कम्प्युटरात होता तसाच बोर्ड भेटत होता ना जी? मंग हा काऊन घेतला?” बाईंनी विचारलं.

“तसा आता एखादाच भेटते. तो जळला का संपलं. हा साधा आहे, कोणत्याही दुकानाच्या अडगळीत सापडते.”

“त्यापेक्षा नवाच कम्प्युटर घ्याचा होता.”

“नव्यावर त्याचा तो मोटारीचा खेळ चालत नाई.”

“कॅनडात नोकरी करते तो. आता खेळन का?”

“घरी आला का बसन. तू जेवाले हाका मारत राहे, अन् तो उठत नसे.”

“या दिवाळीले येतो म्हणला?”

“पाहतो म्हणला.”

“मागच्या साली बी पाहतोच म्हणला होता.”

“म्हणून तर साधे पार्ट घेतले. कितीबी वर्षं लागले तरी चालू ठेवता येते.”

गाडी लागली. रांग पुढे सरकली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत, म्हणून आचलही थांबली.

“मंग माऊस एकच काऊन घेतला जी? दोन घ्याचे होते, एक बिघडला तं दुसरा.”