खंडेनवमीचा कोयता

नाही हो, ढोल-बिल काही नाही माझ्याकडे. ही एवढी पिशवी आहे बघा — वाखाची, हातानं विणलेली, पट्टा कपाळाला अडकवून पाठीवर घेतात तिकडच्या बायका — आणि हा दूध ठेवायचा वाळका भोपळा. रविवारी बालवर्गातल्या मुलांना दाखवायला न्या खुशाल. पण बोलायला मला नका उभं करू, प्रतिभाताई. तुम्ही म्हणाल, कालिंदीबाई, आठ वर्षं नैरोबीत काढलीत आणि केनियाबद्दल अर्धा तास बोलता येत नाही? येतं की! न यायला काय झालं? सिंह सांगीन, जिराफ सांगीन, आमच्या म्वांगीनं माझ्या लेकीला, लीनाला सांगितलेल्या सशाच्या गोष्टी सांगीन — तिथला ससा लबाड, आपल्या कोल्ह्यासारखा. आणि त्याच्या जमातीच्या मूळपुरुषाच्या नऊ लेकी, त्यांची नऊ कुळं — खरं तर दहा, पण दहावी मोजत नाहीत, पोरं मोजली की वाईट होतं म्हणे. आपल्यासारखंच की नाही?

म्वांगी म्हणजे आमच्याकडे कामाला होता तो. पन्नाशीचा माणूस, नातवंडं होती त्याला, तरी गोरे त्याला ‘बॉय’ म्हणायचे आणि — खोटं कशाला बोलू — आम्हीही. त्याच्या बापाची जमीन गोऱ्यानं घेतली आणि त्याच जमिनीवर हा मजूर म्हणून राबला. हे मुलांना सांगायचं का? सांगा, इतिहास इतिहास म्हणतात तो हाच. मग गोऱ्यांविरुद्ध बंड उठलं. बंडवाले रानात बकऱ्याच्या रक्तानं शपथा घ्यायचे आणि मळ्यांवर जाऊन कोयत्यानं सपासप — गोरे तर गोरे, स्वतःचीच सरकारच्या बाजूची माणसं, बायकापोरंसुद्धा. आणि सरकार? सरकारनं झोपड्या जाळल्या, हजारो माणसं तारेच्या कुंपणात कोंबली, फाशीचा खांब गाडीवर घालून गावोगाव फिरवला! तुम्ही इथं सेहेचाळीस सालचे दंगे पाहिलेत, तुम्हाला मी काय रक्त सांगणार.

काय म्हणालात? म्वांगी त्यात होता का? छे, नव्हता. मला माहीत आहे. मलाच तर माहीत आहे!

अहो, त्रेपन्न सालची खंडेनवमी. हत्यारं पूजायची म्हणून मी विळी, सुरी, यांचा अडकित्ता पाटावर मांडला, आणि म्हटलं, म्वांगी, तुझा पांगा आण — पांगा म्हणजे कोयता, गवत कापायला तिकडे घरोघर असतो. घासूनपुसून ठेवला, कुंकू कालवून पात्यावर पाच बोटं ओढली, फूल वाहिलं. नववा दिवस म्हटल्यावर तो केवढा हसला, त्यांच्या नऊ लेकी आठवून! लीनानं आरती ओवाळली. पूजलेलं हत्यार दसरा होईतो वापरायचं नाही, पुसायचंही नाही, असं मीच बजावलं त्याला. मीच! आणि त्या भल्या माणसानं तो फडक्यात गुंडाळून आपल्या उशाशी जपून ठेवला.

दसऱ्याला दुपारी मी श्रीखंड वाढतेय — लीना शेजारी जेवायला गेलेली, नशीब — तोच पोलिसांची धाड. नोकरांच्या खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. पांगा निघाला, पात्यावर वाळलेलं लाल. मग काय विचारता! बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फोडलं त्याचं, दात आमच्या पायरीवर पडले, नंतर मी वेचले ते या हातांनी. गुडघा असा मोडला की हाड बाहेर आलं. तरी तो ओरडतोय, ‘बाईंना विचारा, बाईंनी लावलंय!’ गोरा साहेब पातं माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, हे काय आहे?

कुंकू. एवढंच म्हणायचं होतं हो! पण आमचे हे मागून म्हणाले — मराठीत, साहेबाला कळू नये म्हणून — ‘गप्प राहा. तू लावलंस म्हटलं की शपथ तूच दिलीस असं धरतील, आणि शपथ देणाऱ्यालाही फाशी आहे. लीनाचा विचार कर.’ साहेबाला नाही कळलं. म्वांगीला कळलं, आठ वर्षं आमच्या घरात वावरलेला माणूस तो! ओरडायचा थांबला. बघत राहिला माझ्याकडे, हनुवटीवरून रक्त गळतंय, आणि मी म्हटलं — ‘मला काही माहीत नाही.’ कपाळावर माझ्या हे एवढं लाल कुंकू, आणि त्या मेल्या साहेबाला तेही दिसू नये!

दोन महिन्यांत फाशी दिली. ही पिशवी त्याच्या बायकोनं आणली, लीनाला कबूल केली होती म्हणे त्यानं. पायरीवर ठेवली आणि पाणीही न पिता गेली. मग यांना इथं गार्डन रीचला रेल्वेत जागा मिळाली, वाटलं सुटले. कुठली सुटतेय! परवा विश्वकर्मा पूजेला गोदीच्या फाटकापाशी हातोड्यांना शेंदूर फासलेला पाहिला आणि तिथंच रस्त्यात ओकले.

लीनाला सांगितलंय, म्वांगी गावी गेला. रविवारी मी उभी राहिले ना, की ती सगळ्यांच्या देखत म्हणेल, ‘आई, आपण म्वांगीच्या कोयत्याला कुंकू लावलं होतं ते सांग ना!’ अभिमान आहे हो तिला त्याचा. मग पुढे काय सांगू? तिच्या नावावर गप्प बसले, हे सांगू?

निघालात? बरं. पिशवी राहू द्या, भोपळा न्या. — आता का थांबलात? हो, सवाष्ण निघाली की कुंकू लावायचं, ठाऊक आहे मला. करंडा कोनाड्यात आहे. तुमचं तुम्ही लावून घ्या, मी दुसऱ्या कुणाला लावत नाही. आणि जाताना दार ओढून घ्या.