आशिल डिरिंगरच्या रिसलिंगला आलेला गुलाबाचा वास

मी, सालोमे हिर्टझलिन, वय ६९ वर्षे, धंदा द्राक्षबाग व खानावळ, राहणार चर्चमागची गल्ली, आल्टनविर, प्रांत अल्सास. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. गावाच्या वरच्या चढावर वडिलांनी लावलेली बाग माझ्याकडे आहे. तीत रिसलिंग, मस्कत, गेवुर्त्सट्रामिनर आणि सिल्वानेर हे द्राक्षांचे चार वाण एकाच ओळीत मिसळून लावले आहेत. आमच्या घरात ते सगळे एकाच दिवशी तोडतात आणि रसही एकत्रच काढतात. त्या वाईनला एडेलझ्विकर म्हणतात. मी ती खानावळीत सुरईतून, कांद्याच्या पाईबरोबर देते. ज्यांना बाटलीवर एकाच वाणाचं भारदस्त नाव लागतं, ते तिला मोरीचं पाणी म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीचा, लेओनीचा नवरा आशिल डिरिंगर हाही द्राक्षबागवाला असून त्यांचा म्होरक्या आहे.

मार्चमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरचाच माणूस म्हणून तळघराची किल्ली मी आशिलकडे दिली होती. परत आले तेव्हा वाईनचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. औषधांमुळे मला वाईन वर्ज्य होती, म्हणून मी ती चाखली नाही.

गिऱ्हाइकांनी चाखली. रोज संध्याकाळी माझ्याकडे बसणारा निवृत्त पोस्टमन थिएबो ग्लास खाली ठेवून म्हणाला, "सालोमेबाई, गुडघ्याबरोबर पिंपाचंही ऑपरेशन करून घेतलंत काय? पार रक्त काढून घेतलंय त्याचं." सगळे हसले. आशिल त्याच टेबलावर बसला होता. तो म्हणाला, "वय झालं हो ताईंचं. मी कधीपासून म्हणतोय, बाग विका आता." थोड्याच दिवसांत थिएबो कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खानावळीत जाऊ लागला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. आता टेबलं पुसायचंही मला कारण उरलेलं नाही.

जुलैत कोलमारच्या जत्रेत आशिलच्या रिसलिंगला सुवर्णपदक मिळालं. लेओनीने बोलावलं म्हणून मी गेले होते. मुख्य परीक्षक मंचावरून म्हणाले, "आधी गुलाब, मग ताजं फोडलेलं द्राक्ष, शेवटी लिंबाची साल. एकाच वाणात एवढं सगळं! कमाल आहे!" गुलाब हा गेवुर्त्सट्रामिनरचा वास, ताज्या द्राक्षाचा मस्कतचा, रिसलिंगचा तेवढा लिंबाच्या सालीचा. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. एका वाणात तीन वाण सापडले आणि सगळ्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना नाकं चष्मा टेकवायला दिलेली आहेत. हे माझं मत आहे, माहिती नव्हे, अशी नोंद करावी असं हवालदारांचं म्हणणं पडलं, त्यास माझी हरकत नाही.

नंतर पाहुण्यांना ग्लास दिले. मी एक घोट घेतला. वाईन वडिलांच्या बागेतली होती. याबद्दल जास्त सांगण्याची माझी इच्छा नाही.

मी आशिलला तंबूमागे नेऊन विचारलं. तो म्हणाला, "ताई, हळू बोला. मोरीच्या पाण्याला सोन्याचं पदक मिळवून दिलं मी. उपकार माना."

"आणि माझ्या पिंपात काय ओतलंस?"

"नासत आलेलं सिल्वानेर. तुमच्या त्या टोळक्याला काय कळतंय!"

मी म्हणाले, "ज्यांना कळलं ते उठून गेले, आशिल. ज्यांना नाही कळलं त्यांनी तुला पदक दिलं." तो हसला आणि फोटो काढून घ्यायला गेला. छातीवरचं पदक त्याने आधी रुमालाने पुसलं.

आज सकाळी लेओनी घरी आली. म्हणाली, "ताई, तक्रार करू नकोस गं. आमच्या तळघराला सील ठोकतील. घर जाईल माझं."

मी विचारलं, "माझी खानावळ ओस पडली तेव्हा कुठं होतीस?"

"मला खरंच काही ठाऊक नव्हतं."

मी कोट चढवला आणि इकडे निघून आले. मला भरपाई नको. ती वाईन माझी आहे, हे त्याच मंचावरून मोठ्याने सांगितलं जावं, एवढीच माझी मागणी आहे. मग थिएबो येवो न येवो.

ही वाईन आणखी कोणी ओळखू शकेल काय, असं हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, त्या बागेत वाढलेल्या आम्ही दोघीच. जत्रेत लेओनी माझ्यासमोर उभी होती. तिने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि न पिताच तो खाली ठेवला. त्यानंतर तिने टाळ्या वाजवल्या.

तिला साक्षीला बोलवायचं काय असं विचारलं असता, नको असं सांगते. तिला त्या दिवशी सर्दी होती.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. ऐन जुलैत सर्दी कशी, असं हवालदारांनी विचारलं. लग्न झाल्यापासून आहे, असं मी सांगितलं. बाकी सगळा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे.

सही,
सालोमे हिर्टझलिन