कुंडीतला लाल माठ

इंदिरानगरच्या बसथांब्यावर भिमाजींच्या पुढे भाजीवाली नवसाबाई आणि तिचं गिऱ्हाईक रुखसार बोलत होत्या.

“मावशी, तुमच्या बियाण्याचा लाल माठ दारात इतका शोभतो, लोक फोटो काढतात!”

“आन् खाल्ला किती?”

“छे! पानाला हात लावू देत नाही कुणाला.”

“तुरा आला का?”

“कालच.”

“मग बी धरून वाळंल आता. शेंडे खुड. नुसतं बघाया ती काय पैठणी हाय?”

“बोडका दिसेल ना!”

“आठ दिसांत चहूकडून फुटंल. लय हट्टी भाजी हाय.”

भिमाजींच्या गॅलरीतही लाल माठ होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको सुवर्णा गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने पेरलेला. त्यांनीही पानाला हात लावला नव्हता. तुरा त्यालाही आला होता.

“बाई,” ते मध्येच म्हणाले, “लसूण किती घालायचा?”

“घरात किती माणसं, बाबा?”

“मी एकटाच.”

“मग मूठभर शेंडे, चार पाकळ्या. बाकीचं फुटू द्या.”

बस आली. भिमाजी चढलेच नाहीत, घराकडे वळले. खिडकीतून नवसाबाई ओरडली, “ओ बाबा, मीठ शेवटी घाला! शिजल्यावर भाजी एवढीशी होतीया!”

“हो, हो!” म्हणत भिमाजींनी हात हलवला आणि पाय उचलला.