उन्हात टांगलेलं पुस्तक

जमलेल्या पाहुण्यांनो, गावकऱ्यांनो, मला बोलायची सवय नाही. मी आखाडा बाळापूरचा, जीपगाड्यांना रंग मारणारा माणूस. अंबादासदादांच्या घरचे म्हणाले, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्यासंगं होते, दोन शब्द बोला. म्हणून उभा राहिलो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

दादा आधी जीपच्या शोरूममध्ये कामाला होते. शोरूम बंद पडलं तेव्हा कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे नेले. दादांनी गिऱ्हाइकाला दाखवायची पुस्तकं पेटीत भरून आणली. वहिनी चिडल्या, ही रद्दी घरात कशाला म्हणून.

त्या रद्दीसाठी, मंडळी, पुण्या-नागपूरहून लोक आपल्या या एवढ्याशा गोरेगावात आले. जुनी जीप पुन्हा पहिल्यासारखी उभी करायची, तर पाहायचं कशात? आपल्याकडच्या जीपा तुम्ही जाणताच. जास्तीचे पाशिंजर बसवायला मागून कापलेल्या, मिळेल तो रंग फासलेल्या. कंपनीतून निघाली तशी जीप उरली होती ती दादांच्या पुस्तकांत. आरसा कुठं, सीट कसली, रंग कोणता, सगळं. दादा सगळ्यांना एकच सांगायचे. आठवणीवर जाऊ नका, पुस्तक उघडा. मलाही तेच सांगायचे.

एक पुस्तक मात्र ते कोणाला देत नव्हते. शोरूमच्या काचेत टांगून टांगून त्याचा रंग उन्हानं उडाला होता. याच्यावरून रंग धराल तर फसाल, म्हणायचे.

मग त्यांनी बळीरामची जीप कामाला काढली. बळीराम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. सेनगाव-हिंगोली जीप चालवायचा. पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात तो गेला. जीप सापडली, अन् दारात उभी राहून गंजली. दादांनी ती पुस्तकाबरहुकूम उभी केली. गडद निळी, नवी कोरी. माय बाहेर आली. पत्र्यावरून हात फिरवला.

'चांगली हाय,' म्हणाली. 'पण ही बळीरामची न्हाई.'

दादा म्हणाले, 'माय, कंपनीच्या पुस्तकात हाच रंग हाय, बराबर.'

'पुस्तकानं त्याला घरी येताना पाह्यलं का? म्या पाह्यलंय. विटलेल्या लुगड्यावानी होती त्याची गाडी.'

खरंच होतं तिचं. किती उन्हाळे बळीरामनं ती जीप भर उन्हात चालवली होती. मग दादा ते रंग उडालेलं पुस्तक घेऊन माझ्याकडं आले. मी म्हणालो, दादा, हे तर फसवणारं पुस्तक, तुम्हीच सांगता ना?

'लोकाची गाडी पुस्तकावानी करू,' दादा म्हणाले. 'ही मायच्या डोळ्यावानी कर.'

मी तसा रंग धरला. सगळी जीप झाली, फक्त बॉनेट राहिलं होतं. तेवढ्यात दादा गेले.

आज मी तीच जीप घेऊन आलो. अंग फिकं, बॉनेट गडद. फाट्यावर एका म्हाताऱ्यानं लांबूनच हात केला. मला नव्हता केला तो हात. जवळ आल्यावर त्यानं माझं तोंड पाहिलं अन् हात खाली घेतला. इथं दारात जीप थांबवली, तर आतून मायचा आवाज आला.

'आला का?'

मायला सगळं माहीत आहे, मंडळी. दोन्ही लेकरं गेली, हे तिला माहीत आहे. तरी तिनं विचारलं. दोघांतल्या कोणासाठी विचारलं, हे मी कोणत्या तोंडानं विचारू?

मी म्हणालो, 'व्हय माय, आलो.' मला तेवढंच सुचलं.

दादा, बॉनेट मी पुरं करतो. त्याच उडालेल्या पानावरून करतो. तुम्हाला माझा शेवटचा रामराम.

आता सगळे उभे राहू या. जरा वेळ कोणी बोलू नका. आणि तेवढ्या वेळात अंगणातल्या जीपला कोणी हात लावू नका, चालू करू नका. माय आत कान देऊन बसली आहे.