घाटातली फायनल

...आणि मैदान कुठलंही सांगा, कुणाचं ना कुणाचं तोंड वाकडं व्हणारच! तुमाला सांगतो भाऊ, हायस्कूलच्या मुलींची फुटबॉल फायनल, एक संघ जुन्नरचा, एक आंबेगावचा, आणि मैदान ठरवायचं कुणी? तर मी, खेळाचा मास्तर, यंदाचा स्पर्धाप्रमुख. त्यात माझी हर्षाली आंबेगावची गोलकीपर. म्हणजे बघा, मी नुसता शिंकलो तरी पक्षपात.

मंचर म्हणलं, ते पडलं आंबेगावात, तर जुन्नरचे अन्सार सर फोनवर, लई गोड आवाजात, "आरोप नाय सर, पण पोरगी तुमची हाय ना त्या संघात?" बरं, जुन्नरला ठेवू म्हणलं, तर आंबेगावचा कोच भिका, नाकात बोलतो तो, "आरोप नाय सर, पण तुमाला लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून आमचा बळी व्हय?" आळेफाटा म्हणलं, तर तो पण जुन्नरातच. एक जण म्हणला भीमाशंकरला ठेवा, देवासमोर कोण भांडत नाय. आता त्या जंगलात रेफरी कोण, बिबट्या?

शेवटी ठरलं, बरोब्बर मधोमध. अन्सार सर त्यांच्या शाळेपासून मोटारसायकलवर निघाले, भिका त्याच्या शाळेपासून, दोघं मीटर बघत बघत, आणि सारखे किलोमीटर भरले तिथं समोरासमोर थांबले. तिथं काय? बैलगाडा शर्यतीचा घाट, गाडे पळवायची पट्टी! दोघंबी खूष. घाट म्हणलं की आमच्याकडं कोण नाय म्हणतंय? मी पण लगेच सही ठोकली. आता घाट चढाचाच असतो, हे जन्मल्यापासून ठाऊक, राव, पण डोक्यात नुसतं मधोमध भरलेलं...

मग काय, चेंडू ठेवला की निघाला खाली. आधी आंबेगावच्या पोरी खालच्या अंगाला मारत व्हत्या, पाच गोल. अन्सार सर आलेच, "आरोप नाय सर, पण..." म्हणलं थांबा, हाफटाईमला बाजू बदलतात. बदलल्या, आणि जुन्नरचे पाच. हर्षाली बिचारी चेंडू वर मारायची, तो परत तिच्याच पायात. लोक शिट्ट्या मारतायत, माईकवाला तर गाडा सुटल्यागत "झाली झाली झाली" वरडतोय.

पाच-पाच. आता पेनल्टी, दोघांनाबी खालचाच गोल. तिथंबी बरोबरी, शेवटची पेनल्टी, मारायला जुन्नरची आरफा, गोलात माझी हर्षाली. आणि माझ्या मनात काय यावं? हिनं अडवला तर मी रिटायर व्हईपर्यंत ऐकायचं, आरोप नाय सर, पण... मी डोळे मिटले, हात जोडले, म्हणलं देवा, जाऊ दे आत. बाप का कोण मी?

गेला की आत. जुन्नर जिंकलं. सुटलो, राव! अन्सार सरांनी मिठी मारली, "मैदान निवडावं तर तुमीच." भिका धुसफुसत व्हता, पण बोलणार काय, मीटर त्यानंच मोजलेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला.

घरी येताना हर्षाली गाडीवर मागं बसलेली. गाव जवळ आल्यावर म्हणली, "पप्पा, शेवटच्या पेनल्टीला तुमी हात जोडले व्हते ना? मी बघितलं. लई धीर आला."

म्हणलं, "व्हय बाळा... पण देवानं ऐकलं नाय."