हातातला चमचा

काकू : नाही म्हणाले? अहो, जाताना त्या बाईंनी ढमूचा पापा घेतला होता की!

ताई : घेतला ना. पण सकाळी त्यांचा फोन आला. दत्तक घेणार नाहीत म्हणाल्या.

काकू : मेलं नशीबच फुटकं पोराचं. फिट येतात म्हणून का? मी काही म्हणून लपवलं नाही हो!

ताई : फिटचं नाही, काकू. तो बोलत नाही, मान धरत नाही, सगळं त्यांना ठाऊक होतं. मनाची तयारी करूनच आले होते दोघं. तुम्ही त्यांच्या हातातला चमचा का काढून घेतलात?

काकू : मग काय बघत बसू? घास गालात धरून ठेवला होता त्याने. ठसका लागला असता म्हणजे?

ताई : आपण दोघी होतो ना तिथे.

काकू : गळ्यावरून असं हलकं बोट फिरवलं की गिळतो तो. त्यांना कुठे माहीत!

ताई : मग सांगायचं ना तसं! तेच शिकायला आल्या होत्या त्या. तुम्ही चमचा घेतलात, वाटी घेतलीत, मग त्यालाच मांडीवर घेतलंत. त्या हात धुवायला म्हणून गेल्या त्या बाहेरच येईनात.

काकू : हात आपोआप गेला हो. तुमच्या संस्थेने सांभाळायला दिल्यापासून आज तीन वर्षं माझ्याकडे आहे तो. कसं आवरू?

ताई : माझंही चुकलंच. तुम्हाला थांबवायचं सोडून मी बघतच बसले. इतका छान जेवत होता.

काकू : त्यापेक्षा मलाच देऊन टाका ना कायमचा. तुमचे मेले ते वयाचे नियम!

ताई : नियम राहू देत. परवा त्याला घेऊन जिना चढलात आणि किती वेळ छाती धरून बसला होतात?

काकू : ह्यांनी सांगितलं ना? ह्यांच्या पोटात काही राहील तर शपथ!

ताई : काकू, हृदयाच्या ऑपरेशननंतर तुम्हाला त्याला उचलता यायचं नाही. तोवर घर मिळालं नाही, तर संस्थेत ठेवावं लागेल. तिथे एवढ्या मुलांमागे एकच बाई असते.

काकू : तिथे कोण बसणार त्याच्या घासाघासाला! परत फोन करा ना त्यांना. मी पाया पडते त्यांच्या.

ताई : केला होता. म्हणाल्या, त्याला आई आहे. आम्ही मधे कुठे येऊ?

काकू : अगं बाई… असं म्हणाल्या?

ताई : रडत होत्या.

(आतल्या खोलीतून मुलाच्या रडण्याचा आवाज.)

ताई : उठला वाटतं. जा तुम्ही.

काकू : नको, तुम्ही जा. आधी मानेखाली हात घाला, मग उचला.

ताई : माझ्याकडे नाही राहायचा तो. या ना बरोबर.

काकू : नाही येत. माझ्यावाचून गप्प व्हायला शिकू दे त्याला. पण जा हो लवकर, फार रडवू नका.