जुन्या गाडीच्या चासीचा रंग

दाराला रंग घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई आपली घाई विसरून रांगेत पुढे उभ्या असलेल्या बापलेकीचं गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याबद्दलचं, चासीबद्दलचं बोलणं ऐकत होत्या.

“बाबा, चासीला भट्टीतलं पावडर कोटिंगच करू. चकचकीत दिसेल, गिऱ्हाईक पटकन मिळेल.”

“त्याचा टवका उडाला की आतल्या आत गंज पसरतो, कळतही नाही. त्यापेक्षा डब्यातला इपॉक्सी रंग बरा. ओरखडा पडला तर घरीच ब्रश फिरवायचा.”

“विकायच्या गाडीला घरी कोण ब्रश फिरवणार?”

वडील डब्यावरचं लेबल वाचत राहिले.

“बाबा, विकायची आहे ना?”

“तूच म्हणालीस, गुडघे गेले तुमचे, आता गाडी चालवणं पुरे.”

“ते मी म्हणाले. तुम्ही काय म्हणता?”

“बघू.”

“मग काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“इपॉक्सी द्या,” लेक म्हणाली. “आणि ब्रश दोन.”